जुन्या साड्या नको, असं मी का म्हणते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅन्सरच्या उपचारांवर असलेल्या मुलांसाठी मी टोप्या, कुर्ते आणि पातळ दुलया शिवते हे कळलं, की हमखास प्रश्न येतो: "आजीच्या मऊसूत सुती साड्या पडून आहेत, पाठवू का?" मी नको म्हणते आणि विचारणारीचा चेहरा उतरतो. उतरणारच. आपल्याकडे बाळ निजतं तेच आजीच्या लुगड्याच्या गोधडीवर. वापरून वापरून मऊ झालेल्या कापडाची सर नव्याला येत नाही, हे मलाही मान्य आहे.

पण केमो, म्हणजे कॅन्सरवरची कडक औषधं, चालू असताना मुलाच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मधूनमधून फार खाली जातात. "काउंट पडलेत," असं आया एकमेकींना सांगतात. त्या दिवसांत साधी बुरशीसुद्धा जिवावर बेतू शकते, आणि ट्रंकेत चार पावसाळे काढलेल्या साडीच्या घड्यांत ती असू शकते. त्यात डांबरगोळ्या. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी फुटतात. गोळ्या बाजूला काढल्या तरी कापडात वास मुरलेला राहतो, आणि केमोतल्या मुलाला तर अत्तराच्या वासानंही उमासे येतात. विरलेलं सूत कडक गरम पाण्यात वरचेवर धुतलं तर टिकतही नाही.

म्हणून नवी मलमल किंवा पातळ पॉपलिन. आधी गरम पाण्यातून काढून खळ घालवायची, आटायचं तेवढं आटू द्यायचं, मगच कात्री लावायची. दुलई दोनच पदरी. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये देशभरातून मुलं येतात, त्यांतली कितीतरी कुटुंबं महिनोन् महिने धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. मुंबईच्या पावसात तिथं जाड गोधडी वाळवायची कुठे?

टोपीत माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. केमो सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात आणि टाळू हुळहुळी होते. मूल बराच वेळ उताणं पडून असतं, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला टीप येता कामा नये. होजिअरीचं कापड घेऊन जोड कानाच्या वर घेते आणि शिवण बाहेरच्या अंगाला ठेवून तिच्यावर पट्टी बसवते. बाहेरून ती किनारीसारखी दिसते.

कुर्त्याचं गणित वेगळं. बऱ्याच मुलांना गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवलेला असतो. औषध द्यायचं तर सुई तिथं लावतात. साधा सदरा असला की तो काढावाच लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला भरल्या वॉर्डात तसं बसावं लागणं मला सहन होत नाही. म्हणून खांद्यापासून छातीपर्यंत एक बाजू उघडते असा कुर्ता शिवते. टिचबटणं प्लॅस्टिकची, कारण धातूची एमआरआयला चालत नाहीत. कमरेला इलॅस्टिक न घालता नाडी घालते. स्टेरॉइडच्या दिवसांत पोट सुटतं, चेहरा सुजतो, नंतर ते उतरतं, आणि इलॅस्टिक नेमकं सुटलेल्या पोटालाच काचतं. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार अनेकदा दोन-अडीच वर्षं चालतात. मूल तेवढ्यात वाढतंही, त्यामुळे शिवणीत माया भरपूर सोडते.

एक साडी मात्र मी आनंदानं घेते: त्या मुलाच्या स्वतःच्या आईची, रोजच्या नेसण्यातली. तिचा हातरुमालाएवढा तुकडा काढायचा, कडा दुमडून टीप मारायची, की झाली मुठीत धरायची घडी. तीही वॉर्डातल्या सिस्टरला विचारूनच, रोज धुऊन. सुई लावताना आईला बाहेर थांबवलं, तर मुलाला ती घडी लागते.

तेव्हा तुमच्या आजीची साडी तुमच्या घरातल्या बाळासाठी ठेवा. डांबरगोळ्यांत ठेवलेली नसेल तर धुऊन, उन्हात वाळवून तिची गोधडी करा, ते बाळ धडधाकट आहे. मला पाठवायचंच असेल तर फिक्या रंगाची, बिनजरीची, बिनटिकल्यांची दीड मीटर मलमल पाठवा. किंवा दुपारी येऊन बसा. पट्ट्या उलटवायला आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवून कुठं टोचतंय का ते बघायला मला माणसं हवीच आहेत.