चौदाव्या खेळीवर अडकलेला अर्धा गुण

बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धेची शेवटची फेरी. माझी काळी मोहरी, समोर माझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या रेटिंगचा खेळाडू. पांढऱ्याने रुय लोपेझ ही सुरुवात केली, की मी बर्लिन बचाव या ठरलेल्या पद्धतीनेच उत्तर देतो. २००० साली लंडनमध्ये याच बचावाचा आधार घेत क्रामनिकने जगज्जेत्या कास्पारोव्हला एकही डाव जिंकू दिला नाही आणि जगज्जेतेपद घेतलं.

वजीर लवकर मारले जाऊन जो एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) लागतो, त्याची माझी तयारी होती. पण सहाव्या खेळीला समोरच्याने उंटाने घोडा न मारता प्याद्याने ई५चं प्यादं मारलं आणि डाव पुनरावृत्तीच्या वाटेला लागला. त्याचा वजीर ई४वर शह देतो, मी माझा वजीर ई६वर मध्ये घालतो. तो डी४वर परततो, मी डी६वर.

‘वजीर डी६’ ही चौदावी खेळी केली की तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, आणि तसं झालं की बरोबरीचा दावा करता येतो. मी ती स्कोअरशीटवर (खेळ्या नोंदवायच्या कागदावर) लिहिली, घड्याळ थांबवलं, हात वर केला.

सहायक पंच आले, पट बघितला आणि म्हणाले, “तीस खेळ्यांच्या आत बरोबरी नाही. पुढे खेळा.”

तसा नियम स्पर्धेत होता, पण तो आपसात ठरवलेल्या बरोबरीसाठी. माझा दावा फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांतल्या कलम ९.२ खालचा होता, त्याला खेळ्यांची अट नसते. समोरच्याने मान डोलावली, तर सहायक पंचांना वाटलं आमचं आधीच ठरलंय! मोबाईल हॉलबाहेर जमा, म्हणजे कलम दाखवायचीही सोय नाही. मुख्य पंच दुसऱ्या हॉलमध्ये. आजूबाजूचे डाव संपत होते, लोक येऊन आमचा पट बघून जात होते आणि आम्ही थांबलेल्या घड्याळासमोर बसून. बरोबरीच्या, हक्काच्या अर्ध्या गुणासाठी इतकं ताटकळायला लागावं, याचा राग अजून गेलेला नाही.

“मुख्य पंचांना बोलवा” एवढंच मी शांतपणे म्हणत राहिलो. ते आले, माझ्या स्कोअरशीटवरून दहाव्या खेळीपासून पट पुन्हा मांडून बघितला आणि लगेच बरोबरी दिली. अक्षर सुवाच्य ठेवा ते यासाठी.

आणखी एक: दावा करण्याआधी मोहऱ्याला हातही लावू नका, लावलात की त्या खेळीपुरता हक्क जातो. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली खेळी करावीच लागते, म्हणून आधी मोजून घ्या. पाचव्यांदा तीच स्थिती आली तर दाव्याशिवायही बरोबरी होते, पण तोवर समोरचा वाट बदलू शकतो. तिसऱ्यांदाच हात वर करा.