शर्टाचा स्कर्ट

जुन्या कपड्यातून नवं काही शिवायचं म्हटलं की हात आधी कात्रीकडे जातो. तो थोपवावा आणि शर्ट उजेडासमोर धरावा. कॉलरची घडी, कोपर, बगल इथे कापड विरून आरपार दिसायला लागलेलं असतं. पाठ मात्र बहुतेक वेळा ठणठणीत निघते. विरलेल्या जागी दणकट ठिगळ लावून उपयोग नसतो. ठिगळ टिकतं, त्याच्या कडेचं कापड फाटतं. आणि शर्ट कुठेच विरलेला नसेल, त्याचा नुसता कंटाळा आला असेल, तर कापायचाच कशाला? ज्याला बसेल त्याला द्यावा. धडधाकट कपड्याचे तुकडे करणं ही हौस झाली, तिला काटकसर म्हणू नये.

विरलेल्या पण सैल सुती शर्टाचा स्कर्ट हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार, कारण बटणपट्टी आणि खालची दुमड आयती मिळते. बटणं लावून शर्ट सपाट पसरायचा आणि बगलेच्या लगेच खाली सरळ आडवी रेघ आखून कापायचा. उंची मध्यावर मोजली की फसगत ठरलेली. शर्टाची खालची कड गोलाईची असते, बाजूला चांगली सहा-सात सेंटिमीटर आखूड भरते. माप बाजूच्या शिलाईवरच घ्यायचं. घेर सीटच्या, म्हणजे नितंबांच्या मापापेक्षा किमान १५ सेंटिमीटर जास्त हवा, नाहीतर स्कर्ट तंग होतो.

वर ४ सेंटिमीटर सोडायचे: १ आत दुमडायला, ३ नेफ्याला. त्यात अडीच सेंटिमीटरचं इलॅस्टिक नीट फिरतं. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा ५-६ सेंटिमीटर कमी घ्यावं. नेफ्यात येणारं बटण काढून तिथली पट्टी आधी शिवून टाकायची, नाहीतर ओवताना सेफ्टी पिन मधूनच बाहेर डोकावते. दोन बटणांत साधारण आठ-नऊ सेंटिमीटरचं अंतर असतं. उभं असताना काही कळत नाही, बसलं की फट पडते. म्हणून कमरेपासून गुडघ्याच्या वर वीतभरापर्यंत पट्टीवर टीप मारून ती बंदच करावी. बटणं शोभेला राहू द्यावीत.

खरी डोकेदुखी खिशाची. कापायची रेघ नेमकी छातीवरच्या खिशातून जाते, त्यामुळे तो आधी उसवावा लागतो. ओढून उसवला तर कापड फाटतं. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा, अलगद निघतो. मग खाली मूळ रंगाचा गडद डाग दिसतो. तिथलं कापड उन्हाधुण्याने विटलेलंच नसतं, त्यामुळे तो कितीही धुतला तरी जात नाही. बाहीच्या कोपराच्या वरच्या, न विरलेल्या भागातून मोठा खिसा कापून त्यावर बसवावा. सगळाच स्कर्ट रंगवायचा विचार असेल तर टाक्यांकडे लक्ष असू द्या: शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, त्याला सुती कापडाचा रंग चढत नाही. गडद निळ्या स्कर्टवर पांढरे टाके उठून दिसतात. मला विचाराल तर छान दिसतात.

१९४१ साली ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग आलं तेव्हा जुनं उसवून नवं शिवणं ही गरज होती. आजची अडचण उलटी, कपाटाचं दार लागत नाही. अशा वेळी एका स्कर्टासाठी नवी लेस, नवं अस्तर आणि बटणांचं पाकीट घरात आलं, तर खरेदी थांबली कुठे? ती फक्त दुसऱ्या दुकानात गेली. झालर लावायचीच झाली तर दुसऱ्या जुन्या शर्टाची लावावी. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटून मोकळं झालेलं असतं. दोन्ही न धुता जोडली की शिलाईवर चुण्या पडतात आणि इस्त्रीला दाद देत नाहीत.

उरते ती कॉलर. आत बक्रम, म्हणजे ताठ अस्तर, चिकटवलेलं, कड विरलेली. फडक्याच्याही कामाची नसते. बटण काढून घ्यावं आणि ती खुशाल टाकून द्यावी.