तुम्ही विचारलंत म्हणून : बिल विदर्सनं गाणं का सोडलं?

गिटारच्या क्लासमध्ये अमेरिकन सोल गायक बिल विदर्सचं ‘एन्ट नो सनशाइन’ शिकवलं की हा प्रश्न ठरलेला. मोजके कॉर्ड्‌स, जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, हातात पटकन बसतं. मग कुणीतरी घरी जाऊन गायकाची माहिती काढतं आणि पुढच्या वेळी विचारतं, “सर, इतका गाजलेला माणूस, मग १९८५ नंतर एकही अल्बम कसा नाही?”

विचारणाऱ्याला बहुधा दुःखद काहीतरी ऐकायचं असतं. त्यात त्याची चूक नाही. त्याच्यासारखेच सोल गायक बघा : ओटिस रेडिंग २६व्या वर्षी विमान अपघातात गेला, सॅम कुक ३३व्या वर्षी गोळी लागून. विदर्स मात्र ८१ वर्षं जगला आणि २०२० साली गेला. गाणं का सोडलं, याचं उत्तर त्याच्या आयुष्याच्या सुरुवातीतच आहे.

वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क हे कोळशाच्या खाणीचं गाव. तिथे १९३८ सालचा जन्म. पोरगा बोलताना अडखळायचा, आणि ते मोठेपणीही बरीच वर्षं सुटलं नाही. नौदलात नऊ वर्षं काढली, मग लॉस एंजेलिसला विमानातले संडास बनवणाऱ्या कारखान्यात लागला. गाण्याकडे वळायचं कारणही रोकठोक. एका क्लबचा मॅनेजर गायक लू रॉल्सच्या नावानं चडफडत होता : आठवड्याला दोन हजार डॉलर देतो, तरी साहेब वेळेवर येत नाहीत! ते ऐकून यानं गहाणवटीच्या दुकानातून स्वस्तातली गिटार घेतली, असं तो स्वतःच सांगायचा.

पहिला अल्बम, ‘जस्ट ॲज आय ॲम’, १९७१ साली आला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. कव्हरवर तो कारखान्यात, हातात जेवणाचा डबा. ‘एन्ट नो सनशाइन’मध्ये ‘आय नो’ २६ वेळा येतं, कारण तिथले शब्द लिहायचेच राहिले होते. निर्माता बुकर टी. जोन्स आणि मंडळी म्हणाली, असू दे असंच. यानं ऐकलं. श्वास कुठे घ्यायचा, हे मुलं तिथेच विचारतात. कुठेही नाही, हे माझं उत्तर त्यांना आवडत नाही.

पुढच्याच वर्षी त्याचं ‘लीन ऑन मी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७५मध्ये त्याचे अल्बम काढणारी छोटी रेकॉर्ड कंपनी, ससेक्स, बुडाली आणि तो कोलंबिया या बड्या कंपनीकडे गेला. तिथल्या एका अधिकाऱ्यानं त्याला एल्व्हिसचं ‘इन द घेटो’ गायला सुचवलं. स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या माणसाला! हा राग त्यानं अनेक वर्षं बोलून दाखवला. ‘लव्हली डे’ याच कंपनीत झालं, पण १९७८ ते १९८५ त्याचा स्वतःचा एकही अल्बम आला नाही. मधल्या काळात त्यानं गायलेलं, गाजलेलं ‘जस्ट द टू ऑफ अस’ निघालं ते सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या अल्बमवर, दुसऱ्याच कंपनीकडून.

म्हणजे कंपनीला कंटाळून गेला? मला हे अर्धंच उत्तर वाटतं. कंपन्यांचा जाच कुणाला चुकला? पण गायक स्टीव्ही वंडरला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनं ११व्या वर्षीच करारात घेतलं होतं, गायिका अरीथा फ्रँकलिन वडिलांच्या चर्चमध्ये गात वाढली. त्यांना गाण्याबाहेरचं आयुष्य ठाऊक होतंच कुठे? विदर्स अर्धं आयुष्य गाण्याशिवाय नीट जगला होता. परत तसं राहायची त्याला भीती नव्हती.

आणि पैशाचं कुणी विचारत नाही, तेही सांगतो. गाणी त्यानं लिहिलेली, त्यामुळे कुणीही गायली तरी त्याला मानधन मिळायचं. १९८७ साली क्लब नूव्हो या बँडनं ‘लीन ऑन मी’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं, तेव्हा विदर्स घरी बसून होता. हक्कांचा सगळा कारभार पुढे बायकोनं, मार्शानं सांभाळला.

आता ऐकायचंच असेल तर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या १९७२च्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम घ्या. ‘ग्रँडमाज हँड्‌स’च्या आधी तो आजीबद्दल बराच वेळ बोलतो, लोकांना हसवतो. गाणं लवकर यावं म्हणून ते बोलणं गाळून पुढे जाऊ नका.