भुवया वर म्हणजे हो

डिसेंबरात इथे उजाडायला सकाळचे अकरा वाजतात आणि साडेचारच्या सुमारास दिवेलागण. त्यामुळे माझे पहिले दोन तास काळोखातच होतात. मी अलास्काच्या नैर्ऋत्येला, कस्कोक्विम नदीकाठच्या एका गावात गणित शिकवते. गाव यूपिक लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं. गावाला रस्ता नाही. बेथेल या जवळच्या मोठ्या गावाहून नऊ जणांचं विमान येतं. पहिल्यांदा निघाले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने सामानाबरोबर माझंही वजन विचारलं, आणि मी पुटपुटले ते त्याने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. हिवाळ्यात मात्र नदीच रस्ता होते. बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावरचा भुसभुशीत थर बाजूला सारतात आणि नदीवरून चक्क ट्रक जातात. मी सांगलीची, कृष्णेचा पूर बघत वाढलेली. नदीवरून पहिल्यांदा गाडीत बसून गेले तेव्हा डोळे घट्ट मिटले होते.

पहिल्या महिन्यात वाटलं, आपलं काही खरं नाही. प्रश्न विचारावा तर वर्ग गप्प. "समजलं का?" शांतता. "पुन्हा सांगू?" एक मुलगा नाक मुरडतो. आगाऊ आहे, असं मनात नोंदवून ठेवलं. शेवटी माझ्या यूपिक सहशिक्षिकेने मधल्या सुट्टीत हसत सांगितलं, "अगं, सगळे उत्तर देतायत, तू बघतच नाहीस." भुवया वर केल्या की 'हो', नाक आक्रसलं की 'नाही'. माझं इंग्रजी बरं की वाईट याच्याशी काही संबंधच नव्हता. माझी खोड मात्र मुलांनी माझ्याआधी शोधली होती: मी 'बरं बरं' म्हणताना मान डोलवते, तिचं काय करायचं हे त्यांनाही आठवडाभर कळेना. आता आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी भुवया उडवते आणि तिकडून, साडेचौदा तास पुढून, "अगं, ऐकू येतंय का?" असा आवाज येतो.

यूपिक मोजणी विसावर चालते. हातापायांची बोटं संपली की माणूस पुरा झाला. वीसच्या शब्दात, 'युइनाक'मध्ये, माणसासाठीचा 'युक' बसलाय. माझी आजी गोवऱ्या "तीन विसा आणि पाच" अशा मोजायची. वर्गात हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळ्या भुवया एकदम वर गेल्या. त्या दिवशी धडा राहिलाच.

संध्याकाळी गाव शाळेच्या जिममध्ये असतं. बास्केटबॉल! तान्ही बाळं, म्हातारी माणसं, सगळे. दुसऱ्या गावची टीम विमानाने किंवा स्नोमशीनवरून, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरवरून, येते आणि वर्गांच्या जमिनीवर झोपते. एकदा हवा बिघडली आणि पाहुणे दोन दिवस अडकले. माझ्या वर्गाला नंतर आठवडाभर मोजे आणि सुकवलेल्या सामन माशाचा वास येत होता. एक आजी प्रत्येक सामन्याला पहिल्या बाकावर असते. तिच्या वेळी गावात हायस्कूल नव्हतं. शिकायचं तर घर सोडून दूरच्या निवासी शाळेत जायचं, कुणी सिटकाला, कुणी थेट ओरेगनला. 1972 मध्ये यावर खटला उभा राहिला; तो एमोनकच्या मॉली हूच या यूपिक मुलीच्या नावाने ओळखला जातो. 1976 मध्ये तडजोड झाली आणि 126 गावांना हायस्कूल द्यायचं राज्याने कबूल केलं. म्हणजे मी जिथे पायथागोरस शिकवते ती खोली आपोआप आलेली नाही. शाळेत यूपिक बोललं म्हणून शिक्षा झालेली माणसं अजून गावात आहेत, आणि त्यांची नातवंडं खालच्या वर्गांत यूपिकमधूनच शिकतात.

जानेवारीत 7 तारखेला स्लावीक, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स नाताळ. सजवलेला, गरगर फिरणारा तारा घेऊन लोक घरोघरी जातात, गातात आणि जेवतात. पुढचे काही दिवस शाळेत फळ्याला कोण विचारतो! मी मासे खाते म्हणून निभावलं. मूस या इथल्या थोराड हरणाचं सूप आवडलं. अकुताक म्हणजे फेटलेल्या चरबीत साखर आणि रानबोरांसारखी छोटी फळं. हल्ली चरबीऐवजी बऱ्याचदा वनस्पती तूप. पहिल्या घासाला लहानपणच्या डालड्याच्या डब्याची आठवण आली, तिसऱ्याला मी वाटी पुढे केली. 'कुयाना', म्हणजे धन्यवाद, हा शब्द मला त्या रात्री नीट म्हणता आला.

त्याच पंगतीत आमच्या शाळेतल्या सात वर्षांच्या एका पोरीला तीच बास्केटबॉलवाली आजी 'आई' म्हणताना ऐकलं. वारलेल्या माणसाचं नाव नंतर जन्मलेल्या बाळाला देतात आणि नावाबरोबर नातंही येतं. पोरीला आजीच्या आईचं नाव, म्हणून ती तिची आई. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात; मग सून ते नाव कसं घेणार, म्हणून तो घरभर 'बाळू' होतो. इथे उलट, नातं चारचौघांत मोठ्याने म्हणतात, चांगला तुकडा आधी 'आई'च्या ताटात वाढतात.

पोरगी वांड आहे. शाळेच्या वऱ्हांड्यात बूट घालून घसरगुंडी खेळते. पण आजी जवळपास असली की मी तिला रागवत नाही. कुणाच्या आईला त्यांच्यादेखत कसं बोलणार?