पियानोचं सोंग

स्पॅनिश संगीतकार इसाक आल्बेनिसची ‘आस्तुरियास’ ही रचना बहुतेकांनी ऐकलेली असते ती गिटारवर. ती मुळात पियानोसाठी लिहिलीय असं सांगितलं, की समोरचा आपल्याकडेच संशयाने बघतो. त्याचंही काही चूक नाही. सुरुवातीला दोन हात आळीपाळीने पडत राहतात. डावा खाली चाल सांगतो आणि उजवा मधल्या फटींत एकच सूर टकटक भरत राहतो. गिटारवाला अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवतो आणि बोटांनी वरची तार जागी ठेवतो, त्याची ही नक्कल. मग अचानक दोन्ही हातांचे दणदणीत आघात येतात. तिथे मला दर वेळी नाचणाऱ्याची फळीवर आपटलेली टाच ऐकू येते.

नाव मात्र फसवं आहे. आस्तुरियास हा स्पेनचा उत्तरेकडचा हिरवागार, पावसाळी प्रांत. तिथे बॅगपाइप वाजतो. ही चाल पार दक्षिणेची, अंदालुसियाची. आल्बेनिसने ‘सुइत एस्पान्योला’ या पियानो-रचनांच्या संग्रहासाठी आठ नावं ठरवली, पण चारच रचना छापल्या. १९०९ मध्ये तो गेल्यावर एका जर्मन प्रकाशकाने त्याच्याच जुन्या रचना उचलून उरलेल्या जागा भरल्या. दुसऱ्या संग्रहातला एक साधा प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा छोटा तुकडा, असा आस्तुरियासच्या नावावर खपला, तो आजतागायत.

खुद्द आल्बेनिसही अंदालुसियाचा नव्हे, ईशान्येकडच्या कातालोनियाचा. दुसरा स्पॅनिश संगीतकार एन्रिके ग्रानादोसही तिथलाच. त्याच्या बारा स्पॅनिश नृत्यांतलं पाचवं, ‘अंदालुसा’, ऐका. डाव्या हातात गिटारचा झणत्कार, आणि स्वरावर उतरण्याआधी चटकन निसटणारा कणस्वर.

हे सगळं गिटारवर जास्त सहज वाजतं, कबूल. तरी मला पियानोच हवा. बहुरूपी पोलीस होऊन दारात उभा राहिला तर घर गोळा होतं. खरा पोलीस आला तर कोण हौसेने बघतं? हातोड्यांनी तारा ठोकणारा हा अवाढव्य काळा पेटारा कधी गिटार होतो, कधी टाच. आणि ‘आस्तुरियास’च्या मधल्या संथ भागात तर चक्क गायला लागतो. नाच थांबलेला, दोन्ही हात एकमेकांपासून दोन सप्तकं लांब, एकच चाल धरून, खाली साथीला काही नाही. ती मधली पोकळी गिटारवर मला कधी सापडली नाही.

वाजवणाऱ्यांत माझं मत अलिसिया दे लारोचाला. बार्सिलोनाची, ग्रानादोसच्या शिष्याची शिष्या. उंची पाच फुटांच्या आत, हात लहान, आणि तरी कुठे ओढाताण नाही. हल्ली पुष्कळजण ‘आस्तुरियास’ गाडी चुकत असल्यासारखी पळवतात. ती पळवत नाही, म्हणून टाच टाच वाटते. तिने वाजवलेली आल्बेनिसची ‘सेविया’ही लावा, पण भाजी चिरताना नको. सुरी तालात चालायला लागते आणि बोटं धोक्यात येतात.