आज दिवसभर पॉलिसीचे कागद

रिटायरमेंटनंतर परदेशात राहायचं ठरवलं तेव्हा घर, व्हिसा, बँक सगळं बघितलं, पण आजारपणाचा विषय मागेच पडत होता. आज सकाळपासून आम्ही दोघं कागद घेऊनच बसलो. ट्रॅव्हल इन्शुरन्स फक्त प्रवासापुरता, तिथे कायम राहायचं तर हेल्थ इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो, आणि ह्यांना बीपी, शुगर दोन्ही, त्यामुळे आधीच्या आजारांना वेटिंग पिरियड (म्हणजे त्यांचा खर्च मिळायला थांबायचा काळ) किती, वय वाढल्यावर रिन्यू करतात का, हे बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलंय. आपल्या देशातलं कव्हर सोबत येईलच असं नाही, अमेरिकेचं मेडिकेअरसुद्धा (तिथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देशाबाहेर सहसा चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इव्हॅक्युएशनवर. म्हणजे पेशंट गंभीर असेल तर विमानाने दुसरीकडे हलवायचा खर्च. काही पॉलिसींमध्ये तो नसतोच, काहींमध्ये आधी त्यांच्या हेल्पलाइनची परवानगी लागते. रात्री दोनला ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तर मी आधी कोणाला फोन करू, खरंच पोटात गोळा आला.

म्हणून संध्याकाळी कार्डं केली. रक्तगट, ॲलर्जी, पॉलिसी नंबर, गोळ्यांची जेनेरिक नावं (ब्रँड देशागणिक बदलतात), आणि तिथला इमर्जन्सी नंबर, कारण युरोपियन युनियनमध्ये ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, सगळीकडे एकच नसतो. एक कार्ड ह्यांच्या पाकिटात, एक माझ्या पर्समध्ये. मेटफॉर्मिनचं, म्हणजे ह्यांच्या शुगरच्या गोळीचं, स्पेलिंग तीनदा तपासलं.