तेलात विरघळलं, पण पोटात?

एम.फार्मला माझ्या वाट्याला आलं कर्क्युमिन, म्हणजे आपल्या हळदीतलंच ते पिवळं, पाण्यात विरघळायचं नावच घेत नाही. मग काय, तेल, सर्फॅक्टंट (तेल-पाण्याला जुळवणारा साबणासारखा पदार्थ), को-सर्फॅक्टंट (त्याचा मदतनीस) एकत्र करून त्यात औषध विरघळवायचं नि कॅप्सूलमध्ये भरायचं, पोटातल्या पाण्यात नुसत्या हलण्याने त्याचं आपोआप इमल्शन होतं, म्हणजे पाण्यात पसरलेले तेलाचे एकदम बारीक थेंब. औषध न घातलेलं मिश्रण ३७ डिग्रीच्या पाण्यात सोडलं तर पाण्याला हलकी निळसर झाक आली, म्हणजे थेंब एकदम बारीक झालेले, मी अख्ख्या लॅबला बोलावून दाखवलं! मग औषध घातलं आणि दुसऱ्या दिवशी बघते तर बीकरच्या तळाला पिवळा गाळ. को-सर्फॅक्टंट जास्त झालेलं, ते पाण्यात पळालं की औषधाला धरून ठेवणार कोण?

हे जमलेलं बघायचं तर सायक्लोस्पोरिन, किडनी बदललेल्यांना देतात ते. त्याचा जुना ब्रँड सँडिम्युनपण तेलातलाच होता, पण पित्त किती, जेवण काय यावर रक्तातली पातळी वरखाली व्हायची. १९९५ला अमेरिकेत मंजूर झालेल्या निओरल या त्याच्याच नव्या ब्रँडचं पोटात मायक्रोइमल्शन, म्हणजे आणखी बारीक थेंबांचं इमल्शन, तयार होतं, शोषण बरंच एकसारखं. म्हणून तर डोसचा आकडा तोच दिसला तरी डॉक्टरला न विचारता एकाऐवजी दुसरं घेता येत नाही.